हॉर्नच्या आधीचे दोन सेकंद

खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं : शेवट बाहेर आहे. वाजवण्याआधी उलटी गुंडाळावी.

छोटीने फीत उलटी गुंडाळायला लावली आणि चष्मा कपाळावर सारून डोळे चोळले. साठाव्या वर्षी कुणी छोटी राहत नाही, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. ते थोरल्या बहिणीने ठेवलेलं. ताई रेडिओच्या वाद्यवृंदात वाजवायची, तिच्या मागोमाग छोटी फितींच्या विभागात लागली, आणि नावही मागोमाग आलं. आता त्या नावाने हाक मारणारी ताईच काय ती उरली होती, आणि ती या वेळी घरी सोफ्यावर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली असणार.

तळघरात साडेचार हजार फिती होत्या. तीन महिन्यांत तळघर रिकामं करायचं होतं. जेवढ्या संगणकात उतरतील तेवढ्या राहतील, बाकीच्या जातील. कुठे जातील हे विचारायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. छोटीची निवृत्ती त्याच महिन्यात होती. "तळघर आणि मी एकदमच रिकामे," असं ती म्हणायची तेव्हा सुरुवातीला लोक हसायचे. आता ती म्हणतही नव्हती.

आजची फीत यादीत पहिली होती. साहेबांनी स्वतः खाली येऊन सांगितलं होतं.

"बाई, ही सिंफनी संग्रहात सगळ्यात आधी. आपल्या वाद्यवृंदाचं याहून चांगलं काम नाही. फक्त तिसऱ्या भागात तो हॉर्न फाटतो ना, तेवढा नीट करा. शेजारचा सूर उचलायचा आणि बसवायचा. दोन मिनिटांचं काम."

"होतं तसं," छोटी म्हणाली.

"आणि खोकले, खुर्च्या, ते तर तुम्हाला काय सांगायचं."

"हॉर्न कुणी वाजवलाय, माहीत आहे का सर?"

"नाही. का?"

"काही नाही. सहज."

फीत तिरकी कापून दोन टोकं चिकटवायची, त्याला जोड म्हणतात. जोड चांगला असला तर ऐकणाऱ्याला कळत नाही की मध्ये दिवस गेले, माणसं जेवून आली, कुणीतरी रडून आलं.

(पांढरा जोड.)

त्याच दिवशी सकाळी ताईने कप खाली ठेवत विचारलं होतं, "आज ती लावणार ना?"

"हो."

"मग नीट ऐक. तू तरी ऐक. जायच्या आधी एकदा कळू दे मला."

"कुठे जायच्या आधी? गुडघा दुखतोय फक्त."

"तळघर जायच्या आधी म्हणते मी. तुझं काहीतरीच."

काय कळायला हवं होतं, ते घरात दोघींना पाठ होतं. ती सिंफनी युद्धाच्या वर्षांत लिहिलेली. तिसरा भाग संथ. त्यात व्हायोलिनं बारीक होत होत इतकी बारीक होतात की आता संपलं असं वाटतं, मग दोन सेकंद कुणीच काही वाजवत नाही, आणि त्या शांततेतून एकटा हॉर्न निघतो. खाली आधार नाही, शेजारी सोबत नाही. उंचावरचा सूर, उघड्यावर. हॉर्न म्हणजे पितळेचं ते गोल वळलेलं वाद्य. ताई ते वाजवते हे कळल्यावर मामा आयुष्यभर विचारत राहिले, "मग गाडी कुठली?"

ताईने तो सूर दोनदा वाजवला. पहिल्यांदा स्वच्छ आला. "एकदा अजून, खात्रीसाठी," असं कंडक्टर म्हणाले, आणि दुसऱ्यांदा तो मध्येच फाटला. जोडणीच्या खोलीत ताईला दोन्ही ऐकवण्यात आले. फिती कापणाऱ्याला सगळे ब्लेड म्हणायचे, कारण त्याच्या खिशात कायम ब्लेड असायचं आणि त्याचा जोड केसाइतकाही चुकायचा नाही. ब्लेडने ताईच्या समोर पहिला तुकडा निवडला, तिच्या समोर चिकटवला. सहा महिन्यांनी रेडिओवर लागला तो फाटका.

हजारोंनी ऐकला. कंडक्टरांनी पुढच्या वर्षी ताईचा करार केला नाही. हिचं अवसान गेलं, म्हणाले. ताईने काही वर्षं शाळेत मुलांना फुंकायला शिकवलं, मग तेही सोडलं. हॉर्न कपाटावर गेला, पेटीत.

"ब्लेडनेच बदलला," ताई एकोणचाळीस वर्षं म्हणत आली होती. ब्लेडने एकदा तिला सिनेमाला येतेस का विचारलं होतं आणि ती कँटीनमध्ये सगळ्यांदेखत हसली होती. "त्याचं उट्टं काढलंन. गोड बोलून गळा कापणारा मेला."

ब्लेड एवढंच म्हणत राहिला, "मी पहिलाच लावला होता." कुणी ऐकलं नाही. त्याला वाद्यवृंदावरून काढून हवामानाच्या बातम्यांवर टाकलं. निवृत्त होईपर्यंत तो ढग आणि वारे कापत बसला. सहा वर्षांपूर्वी गेला.

छोटीला फीत कापायला त्यानेच शिकवलं होतं.

(पांढरा जोड.)

*दोष-वही. फीत २१७, भाग तिसरा.*

*०:०० सळसळ, सुरुवातीपासून. थोडी ठेवावी. काढली की सभागृहही जातं.*

*१:१२ खुर्ची करकरते. डावीकडे, मागे.*

*२:४० पानं उलटल्याचा आवाज. सगळ्यांची एकदम.*

*३:०५ कंडक्टर गुणगुणतात. बेसूर.*

*४:५० काही नाही. फक्त फार सुंदर. हे दोषात कसं लिहायचं?*

ही शेवटची ओळ तिने खोडली. मग फीत थांबवून कानांवरचे हेडफोन मागे सरकवले.

अलीकडची ध्वनिमुद्रणं तिच्याकडे यायची. स्वच्छ, धुतलेली, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, दुकानातल्या काचेमागे मांडल्यासारखं. हीच सिंफनी आता कुठल्याही कॉलेजातली मुलं वाजवतात, आणि बरी वाजवतात. पण या फितीतल्या माणसांनी ती तेव्हा पहिल्यांदाच हातात घेतली होती. स्वरलिपीची पानं भाड्याने आणलेली, त्यांवर दुसऱ्याच कुठल्या वादकांच्या पेन्सिलीच्या खुणा. पुढच्या ओळीत काय आहे याची त्यांना खात्री नव्हती, आणि ते ऐकू येतं. अंधारात जिना उतरणारा माणूस जशी प्रत्येक पायरी चाचपतो, तसे ते सुरावर सूर ठेवतात. व्हायोलिनं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आता असं घसरू देत नाहीत. ओबो, सनईच्या जातीचा, नाकातून बोलल्यासारखा, किरटा, खरा. आणि वर छताला टांगलेल्या दोनच मायक्रोफोनांना जेवढं दिसलं तेवढंच आत आलंय, म्हणून ढोल लांबच्या खोलीत कुणी सामान हलवावं तसे वाजतात.

तिला दमल्यासारखं झालं. चांगलं ऐकून माणूस दमतो, हे ती कुणाला सांगायला गेली नव्हती.

तिने हेडफोन परत चढवले.

*६:२९ भूत. काढावे.*

भूत म्हणजे काय, ते सांगायला हवं. फीत चाकावर थरावर थर गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षं तशी पडून राहिली, त्यातून उन्हाळा असला, की एका थरातला आवाज शेजारच्या थराला पुसटसा लागतो, ओल्या शाईचं अक्षर समोरच्या पानावर उमटावं तसा. मग शांततेनंतर मोठा सूर यायचा असला की दीड-दोन सेकंद आधीच त्याची सावली ऐकू येते. अजून कुणी वाजवलेलं नाही, आणि लांबून, भिंतीपलीकडून, कुणीतरी तेच वाजवून जातं.

(तोही मीच वाजवला होता.)

म्हणून नियम होता : फीत शेवट बाहेर ठेवून गुंडाळायची. मग सावली सुराच्या आधी न पडता नंतर पडते, आणि मोठ्या आवाजाखाली झाकली जाते.

६:२९ ला शांतता होती आणि त्या शांततेत हॉर्नची सावली होती. ६:३१ ला खरा हॉर्न आला आणि फाटला. त्यात नवल नव्हतं. छोटी ते पुसायच्या तयारीला लागली. पुसायच्या आधी भूत नीट ओळखावं लागतं, म्हणून तिने तेवढे दोन सेकंद वेगळे काढले, आवाज पार वरपर्यंत चढवला, आणि डोळे मिटले.

सळसळीच्या वादळातून हॉर्न वर गेला. गेला, थांबला, आणि अलगद उतरला.

फाटला नाही.

तिने परत लावलं. भूत आपल्या धन्याच्या वळणावर जातं. धनी लंगडा असेल तर भूतही लंगडं. पण हे सरळ चालत होतं. परत लावलं. सात वेळा लावलं. मग तिने कोपरं टेबलावर टेकवली.

म्हणजे ही फीत उन्हाळाभर गुंडाळून पडली होती, तेव्हा इथे पहिला तुकडा होता. स्वच्छ सूर होता. ब्लेड खोटं बोलत नव्हता. तुकडा नंतर बदलला गेला, प्रक्षेपणाच्या आधी. आणि फीत त्या उन्हाळ्यात नियमाप्रमाणे गुंडाळलेली नव्हती, नाहीतर सावली इतकी ठळक, तीही आधी, पडलीच नसती. तेव्हा फिती गुंडाळून ठेवायचं काम कुणाकडे होतं?

सगळ्यात नवीन माणसाकडे.

एकवीस वर्षांची होती ती.

तिने चाक हाताने फिरवून ६:३१ ची जागा यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या डोक्यापाशी आणली आणि दिवा वाकवला. जोडाची पट्टी दिसली. ब्लेडच्या पट्ट्या पांढऱ्या असायच्या. नवख्यांना निळ्या पट्टीचं रीळ द्यायचे, म्हणजे कच्चं काम कुणाचं ते लगेच कळावं.

(निळा जोड.)

प्रक्षेपण सहाला होतं. साडेपाचला तिने फीत यंत्रावर चढवून पाहिली, आणि उकाड्याने जोडाचा गोंद वितळून हॉर्नचा तुकडा एका बाजूने सुटला, चाकात अडकला, चुरगळला. ब्लेड दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. आदल्या दिवशीच त्याने सगळं तपासून ठेवलं होतं, त्याला कसली काळजी. छोटीने खोकं उघडलं. खोक्याच्या झाकणात एक पाकीट होतं, पाकिटात फितीचा सुटा तुकडा, तेवढ्याच लांबीचा. तिने वाजवून पाहिला. आधी ताईचा श्वास, मग हॉर्न निघतो. दोन सेकंद ऐकले, बरोबर होते. ब्लेडने जपून ठेवलंय म्हणजे चांगल्याची जादा प्रत असणार, असं तिला वाटलं. टाकाऊ तुकडे प्रक्षेपण होईपर्यंत ठेवायचे असतात, हा नियम तिला तोवर कुणी सांगितला नव्हता. चुरगळलेला तुकडा तिने टोपलीत टाकला, नवा चिकटवला. अकरा मिनिटांत. स्वतःवर खूश झाली होती.

त्या संध्याकाळी कंडक्टर ब्लेडवर ओरडत होते तेव्हा ती चहा घेऊन दारात उभी होती. आपण एक जोड दुरुस्त केला, हे सांगावंसं तिला वाटलंच नाही. दिवसाला असे वीस व्हायचे. फ्यूज कुणी बसवला हे कुणी सांगतं का? ब्लेडने फीत बघू द्या म्हणून मागितली, तर ती तळघरात गेली, आता काय उकरायचं, असं उत्तर मिळालं. तळघरात नेऊन तिनेच ठेवली होती. या वेळी नियमाप्रमाणे. शेवट बाहेर.

पुढे कधीतरी, भाजी निवडताना किंवा वीजबिलाच्या रांगेत, मनात काहीतरी हलायचं. हललं की ती उठून चहा ठेवायची. एकोणचाळीस वर्षांत तिने पुष्कळ चहा केला.

(जोड नाही. इथून सलग.)

दार उघडल्याबरोबर ताई म्हणाली, "काय गं, तोंड का असं? ऐकलंस?"

"ऐकलं. चप्पल तर काढू दे."

"मग?"

छोटीने संगणक टेबलावर ठेवला, हेडफोन जोडले, ताईच्या कानातली ऐकण्याची यंत्रं काढून ठेवली आणि हेडफोन तिच्या डोक्यावर बसवले. "आता दोन सेकंद काहीच नसेल. त्या काहीच नसण्यात ऐक."

ताईने डोळे मिटले. छोटीने लावलं.

"काही नाही," ताई जोरात म्हणाली.

"परत लावते."

"नुसती सळसळ आहे. भाजी परतल्यासारखी."

आवाज होता तेवढा सगळा चढवला. ताईच्या मागे दहा वर्षं ढोल आणि ट्रॉम्बोन बसले होते, तिचे कान तिथेच राहिले होते. चौथ्यांदा लावलं, पाचव्यांदा. ताई चेहरा ताणून, मान वाकडी करून, खोल विहिरीत वाकून पाहावं तशी ऐकत होती.

"काय आहे त्यात? तूच सांग ना. मला नाही येत आता ऐकू."

साक्ष होती, आणि जिच्यासाठी होती तिलाच ती ऐकू येत नव्हती. छोटीने हेडफोन काढले. यंत्रं ताईच्या कानात परत बसवली, आधी डावं, मग उजवं. तेवढाच वेळ मिळाला. मग समोरच्या खुर्चीत बसून तिने सगळं सांगितलं, गोंद, चाक, पाकीट, निळी पट्टी. मध्ये कुठे थांबली नाही.

"तू?" ताई म्हणाली.

"मी."

"ब्लेडने नाही."

"नाही. त्याने पहिलाच लावला होता."

ताईने हात वर नेला आणि कानातलं एक यंत्र काढलं. मग दुसरं. दोन्ही मुठीत धरून ती खिडकीकडे बघत बसली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीवर चादरी झटकत होतं. आता बोलून उपयोग नव्हता. गरम पाण्याची पिशवी सोफ्यावरून घसरून खाली पडली, ती तिने उचलली. गार झाली होती.

बऱ्याच वेळाने ताईने यंत्रं परत घातली.

"जिन्यात भेटला होता एकदा. निवृत्त झाला त्या वर्षी. म्हणाला, ताई, खरंच पहिला लावला होता हो. मी काय म्हटलं माहीत आहे? वाट सोडा म्हटलं."

"ताई..."

"मयताला गेले नाही मी त्याच्या. तू गेलीस, मी तुलाही बोलले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, छोटे. आणि चोर घरातच. रोज माझ्या पायाला तेल लावतोय."

छोटी रडली नाही. फार दमली होती.

"किती वर्षं झाली?" ताईने विचारलं.

"एकोणचाळीस."

"हं. एवढी नाही वाटत." तिने गुडघा सरळ केला. "त्याहून जास्त वाटतात. लाव."

"काय?"

"तो भाग लाव. सगळा. भूतबीत नको, मोठ्याने लाव स्पीकरवर. मी परत कधी ऐकलाच नाही तो, त्या दिवसानंतर."

छोटीने लावला. सळसळ आली, आणि सळसळीतून ते सभागृह आलं, आता तिथे वाहनतळ आहे. ताई पहिल्या मिनिटाला ताठ बसली होती. दुसऱ्या मिनिटाला तिची करंगळी हलायला लागली.

"ही खुर्ची ऐकलीस? जाड्याची. व्हायोलावाला. दर सरावाला त्याला सांगायचो, तेल घाल."

"मी ते काढणार होते."

"काढ बाई, त्याचं वजन तेवढं कमी होईल." मग, ओबो आला तेव्हा, "अहाहा. बघ. घाबरलाय. आम्ही सगळेच घाबरलेलो होतो, पुढे काय लिहिलंय कुणाला माहीत होतं? किती बरं वाजवत होतो गं आम्ही. तेव्हा वाटायचं, नुसता गोंधळ चाललाय."

व्हायोलिनं बारीक होत गेली. ताईने हात वर करून छोटीला गप्प केलं, छोटी काही बोलत नव्हती तरी. दोन सेकंदांची शांतता आली. ताईचे ओठ आपोआप आवळले गेले, हॉर्नला लावताना आवळतात तसे, आणि पोट आत गेलं.

हॉर्न निघाला, चढला, फाटला, सावरला, उतरला.

ताईने श्वास सोडला.

"एवढाच?"

"एवढाच."

"मला वाटलं होतं, म्हैस हंबरल्यासारखा असेल. स्वप्नात तसाच यायचा." तिने गुडघा चोळला. "एवढ्यासाठी?"

"साहेब म्हणतात नीट करा. शेजारचा सूर उचलून बसवा."

"कुणाचा शेजारचा?"

"तुझाच."

"नको. पहिला मी वाजवला तसा तोही मीच वाजवला होता. हात लावायचा नाही, सांग साहेबांना. आणि ते तुझं भूत, मला ऐकू येत नाही ते, तेही राहू दे. तरणे कान असतील त्यांना ऐकू येईल."

संगीत चालूच होतं. छोटीने वही काढून गुडघ्यावर घेतली. *६:२९ भूत* याच्यापुढचं *काढावे* खोडलं आणि वर लिहिलं : *काढलेले नाही. जोडणीकाराने मूळ तुकडा बरोबर निवडला होता, त्याची ही खूण. तुकडा प्रक्षेपणाच्या दिवशी माझ्या हातून बदलला गेला.* खाली सही केली. सही करताना आपलं खरं नाव तिला क्षणभर परक्याचं वाटलं.

"त्याची बायको आहे ना अजून?" ताईने विचारलं.

"आहे."

"नंबर?"

"असेल माझ्याकडे."

"लाव मग. तूच बोल. मला फोनवर कळत नाही, आणि कळलं तरी मी काय तोंडाने बोलू? आत्ता लाव. नाहीतर उठशील आणि चहा ठेवशील."

छोटीने तिच्याकडे पाहिलं. मग नंबर शोधला. पलीकडे घंटी वाजायला लागली. इकडे स्पीकरवर चेलो खालून वर येत होते, आणि ताई, डोळे मिटून, तळहाताने हवेत जरा हळू, जरा हळू अशी खूण करत होती. त्या माणसांना, छोटीला, कुणाला ते कळत नव्हतं.

"हॅलो? कोण?"

"काकू, मी छोटी."

"कोण छोटी?"

"फितींच्या विभागातली. तुमच्याकडे यायचे मी, काका होते तेव्हा." तिने गुडघ्यावरची वही सरळ केली. "पाच मिनिटं आहेत का तुम्हाला? बसलेल्या आहात ना?"